बॅटरीचं पाणी

पूर्णेच्या काठच्या त्या गावात पाहुणा आला की त्याला पाणी विचारत नसत, एकदम चहाच ठेवत. पाणी दिलं की पाहुणा पहिल्याच घोटाला तोंड वाकडं करी आणि घरधन्याला उगाच ओशाळं व्हावं लागे. दर्यापूरपासून अकोल्याकडे पसरलेला तो सगळा खारपाणपट्टा. वर काळीभोर जमीन, कापसाला एक नंबर, आणि खाली कुठंही खणा, लागेल ते खारंच. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि बाहेरून लग्न होऊन आलेली पोरगी पहिला महिनाभर माहेरच्या विहिरीच्या नावानं रडते. नदीतल्या झिऱ्याचं पाणी जरा बरं होतं, पण तिथं पहाटेपासून रांग, आणि रांगेत माणसाच्या आधी त्याची जात उभी असायची.

अशा गावात एका जिनवाल्या शेटजीच्या देणगीतून दवाखाना उभा राहिला. बुधाजी तिथं दिवाबत्तीचा माणूस म्हणून लागला. संध्याकाळ झाली की गॅसबत्त्या पेटवायच्या, काचा पुसायच्या, रॉकेल भरायचं. तहान लागली की तो व्हरांड्यातल्या माठाजवळ ओंजळ करून उभा राही, आणि आया पार्वताबाई हात लांब करून वरून पाण्याची धार सोडी. पार्वताबाई कुणब्याची विधवा, स्वभावानं काही वाईट नव्हती. दयाळूपणानंच धार सोडायची, मध्येच थांबवायची नाही. बुधाजीचा बापही असंच पाणी प्यायला होता, तेव्हा दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

मग छप्पन्न साली बुधाजी नागपूरला जाऊन आला. परतल्यावर पार्वताबाईनं सवयीनं लोटा उचलला, तर यानं ओंजळ पुढं केली नाही.

"राहू द्या बाई. पाणी घरून आणलं म्या."

पार्वताबाईला ते लागलं. "लय मोठा झाला गा बुधा," एवढंच ती म्हणाली आणि लोटा खाली ठेवला. त्या दिवसापासून बुधाजी टिनाच्या डब्यात घरचं पाणी आणू लागला आणि दोघांतला पाण्याचा व्यवहार बंद पडला. कामापुरतं बोलत. तिची लेक जमुना तेवढी लहान होती, तिला यातलं काही कळत नव्हतं. बुधाजी बत्त्या पेटवत फिरला की ती मागं मागं फिरे आणि प्रत्येक बत्ती भपकन लागली की टाळ्या पिटी. पुढं तिचं लग्न झालं, मोर्शीकडे दिली. तिकडं संत्र्याचे बगीचे आणि विहिरींना गोडं पाणी. पोरीनं नशीब काढलं, असं सगळं गाव म्हणालं.

महाराष्ट्र झाल्यावर दोनेक वर्षांनी गावात विजेची तार आली. दवाखान्याला ऑपरेशनची खोली मिळाली आणि देवराव डॉक्टरांचा जीव हरखला. पण वीज म्हणजे वऱ्हाडातली. जिनिंगचा, म्हणजे कापसातली सरकी काढायचा हंगाम सुरू झाला, गावोगावच्या मोटरा फिरू लागल्या, की हिनं मान टाकलीच समजा. आणि ऑपरेशनच्या खोलीत दिवा गेला म्हणून कंदील आणता येत नाही. रोग्याला गुंगी द्यायला ईथर वापरतात आणि ईथर म्हणजे पेट्रोलचा सख्खा भाऊ. त्याच्या वासाजवळ ज्योत नेली की रोगी, डॉक्टर, खोली, सगळं एकाच तिकिटावर वर. म्हणून डॉक्टरांनी दवाखान्याच्या समितीच्या मागं लागून बॅटरीचा दिवा आणवला. शेजारच्या लहान खोलीत काचेच्या भांड्यांतले सेल ओळीनं मांडले, ते विजेवर सदा भरत राहायचे. वीज गेली की भिंतीवरच्या पेटीत खटका पडायचा आणि त्याच क्षणी दिवा सेलवर जायचा. डॉक्टरांच्या हातातल्या सुरीलाही कळायचं नाही. सेल अशक्त झाले किंवा भरणं थांबलं, तर पेटीवरचा लाल दिवा लागे आणि घंटी वाजे.

हे सगळं सांभाळायला बुधाजीला अकोल्याला एका बॅटरीच्या दुकानात शिकायला पाठवलं. परत आला तो पक्का होऊन. त्या खोलीची किल्ली त्यानं करगोट्याला बांधली. त्याच्या वस्तीतल्या कुणाच्याही कमरेला आजवर दवाखान्याच्या खोलीची किल्ली लागली नव्हती. बायको दुर्गाबाई चिडवायची, झोपेत चाचपतो म्हणून. दुसरी किल्ली ऑपरेशनच्या कपाटात असे, फरशी धुण्यासाठी. फरशी पार्वताबाई धुवायची.

सेलमधलं पाणी आटतं, ते अधूनमधून भरावं लागतं. पण कुठलंही पाणी चालत नाही. वाफेचं थेंबथेंब जमवलेलं डिस्टिल पाणीच लागतं. "खारं पाणी म्हणजे सेलले जहर, ध्यानात ठेव," असं अकोल्याच्या उस्तादानं त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. म्हणून बुधाजी स्वतः मोटारीनं अकोल्याला जाई आणि काचेची मोठी बरणी भरून मांडीवर घेऊन येई. खड्डा आला की दोन्ही हातांनी तिला धरी. शेजारचा उतारू विचारी, तूप हाय का. बुधाजी म्हणे, तुपापेक्षा महाग.

दीड वर्ष घंटीनं तोंड उघडलं नाही. मग त्या वर्षी दिवाळी सरली आणि एक दिवस भरदुपारी ती वाजू लागली.

बुधाजी धावला. लाल दिवा लागलेला. त्यानं काचेच्या नळीनं एकेका सेलमधलं तेजाब ओढून पाहिलं. आतला काटा वर तरंगायला हवा तो बुडालेला. सेल उतरले होते. म्हणजे भरणं कुठंतरी अडलंय, असा त्यानं हिशेब केला. त्यानं वीज भरायच्या यंत्राचा फ्यूज बदलला. जोडाची टोकं घासूनपुसून चकचकीत केली, वर व्हॅसलिन लावलं. रात्रभर जास्तीची वीज सोडली. सकाळी काटे वर, घंटी गप्प. बुधाजीला आपलाच अभिमान वाटला.

तीन दिवसांत पुन्हा घंटी.

आता त्यानं तारा तपासल्या, हातानं चाचपत, कुठं उंदरानं कुरतडलंय का पाहत. पेटीतला खटका सोडवून साफ केला. एकेक सेल वेगळा मोजला, वाटलं एखादाच आतून बसला असेल आणि तो बाकीच्यांना ओढत असेल. तसं काही नव्हतं. सगळेच सारखे उतरत होते, सगळ्या घरानं एकदम अंथरूण धरावं तसे. त्यानं पुन्हा जास्तीची वीज सोडली. जास्त वीज सोडली की सेल उकळतात, पाणी जास्त आटतं. आटलेलं पाणी तो बरणीतून इमानानं भरत गेला. जितका इलाज तितका आजार वाढत चालला होता, हे त्याला कळायला काही मार्ग नव्हता.

खोलीत एक वास येई. विहिरीत पटकीच्या साथीत पांढरी पावडर टाकतात, तसला. पण ती पावडर दवाखान्याच्या मोऱ्यांत रोजच पडायची. बुधाजीनं नाकाला फडकं बांधलं आणि तो विचार सोडून दिला.

घंटीचा दवाखान्याला कंटाळा आला. वॉर्डातल्या म्हाताऱ्या म्हणू लागल्या, ही यमाची घंटी आहे, वाजली की कुणीतरी जातं. दवाखान्यात कुणीतरी जातंच, त्याला घंटी काय करणार! पण दोन गोष्टी एकमेकींना जोडायला लोकांना एवढासा दोरा पुरतो. कंपाउंडर म्हणाला, तिच्यात कापसाचा बोळा कोंब. बुधाजी भडकला.

"घंटीचं तोंड बांधल्यानं सेल बरे होतात का? थे बोंबलून रायली म्हणून तं आपल्याले कळते!"

तो अकोल्याला उस्तादाकडे जाऊन आला. उस्तादानं सगळं ऐकून घेतलं आणि पहिलंच विचारलं, "पाणी कोणतं टाकतं?"

"तुमच्याच दुकानातलं. मी सोता आणतो, सोता टाकतो."

"मंग पाण्याची गोठ नाई," उस्ताद म्हणाला. "यंत्रच कमी भरत असन." त्यानं यंत्राचा एक भाग बदलून दिला. रोग हाल्याले अन् डाग पखालीले, अशी आपल्याकडे म्हण आहे, म्हणजे आजारी रेडा आणि डागतात त्याच्या पाठीवरची पाण्याची कातडी पिशवी. इथं रोग पखालीतच होता, आणि तिच्याकडं कुणी पाहत नव्हतं.

याच दिवसांत जमुना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. रीतच तशी. पोर मोर्शीच्या गोड्या पाण्याला सवकलेली, इथलं पाणी तिच्या घशाखाली उतरेना. सातव्या-आठव्या महिन्यात पायांवर सूज चढली, बोट दाबलं की खळगा राही. देवराव डॉक्टरांनी तपासलं आणि पार्वताबाईला दम दिला, "मीठ बंद. अगदी बंद. नाहीतर पोरीला झटके येतील." बुधाजीनं तिला व्हरांड्यात बसलेली पाहिलं होतं. "बुधाकाका, आता बत्त्या नाई पेटवत का?" असं तिनं विचारलं, आणि तो हसून म्हणाला, "आता बटन दाबतो. टाळ्या वाजवाले मजा नाई रायली." पुढं पुढं तिची सूज बरीच उतरली. तोंडावर तेज आलं. पार्वताबाईही हलकी झालेली दिसे.

ज्या दिवशी जमुनेच्या कळा सुरू झाल्या त्या दिवशी घंटी गप्प होती. आदल्या रात्री बुधाजीनं सेल भरून काढले होते, सकाळी काटे वर होते. दुपार कलली तरी मूल अडलेलंच. डॉक्टर बाहेर आले. त्यांचं तोंड उतरलं होतं.

"बुधाजी, पोट उघडावं लागेल. दिवस बुडायला आला. तुझ्या दिव्याचा भरवसा आहे का? नसेल तर तसं सांग, बैलगाडीत घालून दर्यापूरला पाठवतो. वाटेत काय होईल ते होईल."

बुधाजीनं सेलच्या खोलीत जाऊन पुन्हा नळी लावली. काटे वर. लाल दिवा विझलेला. घंटी गप्प. त्यानं वीज भरायच्या यंत्रावर हात ठेवला, ते बेतानं गरम होतं.

"हाय जी भरवसा," तो म्हणाला.

पुढं सगळं आयुष्य त्याला तेवढं वाक्य ऐकू येत राहिलं. खोटं तो बोलला नव्हता. वर काटा होता. पण आतल्या पट्ट्या खाऊन खाऊन सेल पोकळ झाले होते, अंगावर चांगलं धोतर नेसलेल्या आजाऱ्यासारखे. ओझं पडेपर्यंत ते कळत नाही.

दिवेलागणीला गावच्या दोन्ही जिनच्या मोटरा चालू होत्या. मूल बाहेर आलं, रडलं. सेलच्या खोलीत उभ्या बुधाजीला ते रडणं ऐकू आलं आणि त्यानं दोन्ही हात जोडले. तेवढ्यात वीज गेली. खटका पडला. दिवा सेलवर लागला, लख्ख लागला. बुधाजीनं श्वास सोडला. तो श्वास पुरा सुटायच्या आत दिवा पिवळा झाला, मग तांबडा, मग त्याच्या तारेचा नुसता निखारा दिसू लागला. आणि आता, त्या अंधारात, घंटी वाजू लागली.

आत डॉक्टर ओरडत होते, "टॉर्च! टॉर्च आणा! रक्त थांबेना!" नर्सच्या टॉर्चचा उजेड रुपयाएवढा. कुणीतरी बाहेर कंदील पेटवला तर डॉक्टर त्याच्यावरही ओरडले, आत ईथर आहे, लांब ने. ईथरची बाटली बाहेर काढली, खिडक्या फोडल्यासारख्या उघडल्या, वास जाईपर्यंत थांबले, आणि मग कंदील आत गेला. तोवर उशीर झाला होता. बुधाजीनं ती घंटी भिंतीवरून ओढून काढली. तार तुटली तेव्हा ती थांबली.

जमुना गेली. मुलगी जगली.

मग काय, दवाखान्यात चौकशी सुरू झाली. अमरावतीहून एक साहेब आले. त्यांनी सेल पाहिले, वास घेतला आणि दवाखान्यातलंच एक औषध मागवून बरणीतल्या पाण्यात चार थेंब टाकलं. पाणी दुधासारखं पांढरं झालं.

"हे डिस्टिल पाणी नाही," साहेब म्हणाले. "यात मीठ आहे, खोलीतला वासही त्याचाच. विहिरीचं पाणी आहे हे."

बुधाजीनं शपथा घेतल्या. पण गावाचा निकाल साहेबांच्या आधीच लागला होता. अकोल्याहून आणलेलं पाणी यानं मोटारवाल्यांना विकलं आणि बरणीत विहिरीचं भरलं, असं चहाच्या टपरीवर बसून लोकांनी ठरवूनही टाकलं. किल्ली कमरेला लागली की ही माणसं अशीच माजतात, असंही कुणी म्हणालं. समितीनं त्याला घरी बसवलं आणि बाळंतिणीचा तेरावा झाल्यावर हजर राहायला सांगितलं. नुसती नोकरी जाणार नव्हती. एका पोरीला मारणारा म्हणून नाव लागणार होतं, आणि ते नाव त्याच्या मागं त्याच्या वस्तीलाही लागणार होतं. बुधाजी रात्रंदिवस एकच विचार करी, कोण? माझ्या पाण्याला कोणी हात लावला? हाती लागला तर त्याचा गळाच धरीन.

समिती बसायच्या आदल्या संध्याकाळी पार्वताबाई वस्तीत आली. कडेवर नात, डोक्यावरून पदर. ती या बाजूला कधी आली नव्हती, घर विचारत विचारत आली. दुर्गाबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. बुधाजी ओट्यावरून ताडकन उठला. त्याला वाटलं, शिव्या द्यायला आली, देऊ दे.

"बुधाभाऊ," ती म्हणाली. जन्मात तिनं त्याला भाऊ म्हटलं नव्हतं. "मी काही बोलाले नाई आली. सुतकात घराबाहेर नाई पडली म्या; तुमी न पायताच हो म्हणलं असं लोकं म्हणून रायले, एवढंच कानावर आलं, पण माहा इस्वास नाई. तुमी काटे पायल्याबिगर हो म्हणणारे नोहे. मी मागाले आली. तुमच्या बरणीतलं थे पाणी अजून कुठी भेटन का?"

"कोणतं पाणी?"

"थेच, बॅटरीचं. लेकराले शेळीचं दूध पाजून रायली. आपल्या पाण्यानं थे फाटते. नाई फाटलं तं लेकराचं पोट फुगते. बरणीचं पाणी जमुनेले सोसलं होतं, म्हणून म्हतलं..."

दुर्गाबाईच्या हातातलं सूप थांबलं.

पार्वताबाई ओट्याच्या कडेला टेकली. पोर मांडीवर घेऊन ती खाली मान घालून बोलत राहिली. "तुमाले सांगतलं नाई म्या, माफी करा. पोट्टीचे पाय सुजले. डॉक्टर म्हणे मीठ बंद. अवो, भाजीतलं बंद केलं, पाण्यातलं कसं करू? एक डाव फरशी धुताना तुमच्या बरणीचं पाणी बोटाले लावून चाखलं. मोर्शीच्या विहिरीवानी गोड. मंग रोज चरवीभर नेत गेली. तिची सूज उतरली. हसाले लागली माही पोट्टी. अन् तुमाले कमी पडू नाई म्हणून तेवढंच आपल्या विहिरीचं भरून ठेवत गेली. चार पदरी फडक्यानं गाळून भरलं, भाऊ. काडीकचरा जाऊ देल्ला नाई. चोरी नाई केली म्या."

हाच तो गळा. तो समोर होता, सुरकुतलेला, त्यात काळ्या पोतीचा एक मणीही उरला नव्हता, आणि तो धरायला बुधाजीचे हात उठत नव्हते.

"कावून मागतलं नाई?" तो ओरडला. "एका शब्दानं मागाचं होतं, बाई! मी दुसरी बरणी आणली असती. डोक्यावर आणली असती!"

"कोणत्या तोंडानं मागू?" पार्वताबाई म्हणाली. "जलमभर तुमाले वरून पाणी वाढलं. तुमी ओंजळ बंद केली, तवा मले राग आला. अन् मंग तुमच्याच हातचं मागू? तिच्या सासरी कळलं असतं का बुधाच्या बरणीतलं पेते, तं त्याईनं तिले घरात घेतली नसती. चोरून पाजलं तं पाप लपते, असं वाटलं."

"अवो बाई, थ्याच पाण्यानं..." दुर्गाबाई सूप टाकून उभी राहिली.

"पाणी आण," बुधाजी जोरात म्हणाला. "बाईले पाणी दे पहिले."

दुर्गाबाईनं नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. मग आत जाऊन लोटा भरून आणला आणि आदळल्यासारखा ठेवला. पार्वताबाईनं तो उचलला, तोंड लावून प्याली. खारं पाणी, सगळ्या गावाचं तेच. पिऊन झाल्यावर तिनं पदरानं लोटा पुसायला घेतला आणि मग पुसायचं काही कारण नाही हे तिच्या लक्षात आलं.

बुधाजीनं तिला सांगितलं, पातेल्यात पाणी उकळत ठेवा, मधोमध एक वाटी बसवा, वर झाकण उलटं ठेवा, झाकणावर गार पाण्याचं फडकं घाला. वाफेचे थेंब वाटीत पडतील. तेच हे पाणी. दुसरं काही जादूचं नाही. ती मन लावून ऐकत होती आणि पोरीच्या टाळूवरून हात फिरवत होती.

ती गेल्यावर दुर्गाबाई कडाडली. "जीभ झडली होती का तुमची? उद्या चोर ठरसान, खुनी ठरसान! आपल्या लेकरायनं काय खावं? तिची पोट्टी गेली, तिचं दुःख मोठं, कबूल! मंग आपलं काय लहान हाय? तिच्याच सोवळ्यानं गेली न थे? जमुनेनं तुमच्याजवळ मागतलं असतं तं वाचली असती!"

तिचं एक अक्षर खोटं नव्हतं. बुधाजीलाही पार्वताबाईचा राग आलेला होता, ओंजळीत धार धरली त्या दिवसापासूनचा सगळा राग. "सांगतो उद्या," तो म्हणाला. "समितीत सगळं सांगतो." आणि ते त्यानं मनापासून ठरवलं.

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात गेला तेव्हा पार्वताबाई व्हरांड्यात बसली होती. मांडीवर नात, शेजारी लहानशी वाटी. कापसाची वात भिजवून ती पोरीच्या तोंडात थेंब सोडत होती. बुधाजीला पाहून तिचा चेहरा उजळला.

"जमलं, भाऊ. रात्रभर चूल पेटवली, अर्धी वाटी जमलं. पाय ना, कशी चोखून रायली."

बुधाजीनं पोरीकडं पाहिलं आणि आत गेला. समितीची मंडळी टेबलामागं बसली होती, देवराव डॉक्टर कोपऱ्यात. खिडकी उघडी होती. अध्यक्षांनी बरणी दाखवली, साहेबांचं म्हणणं वाचलं. मग म्हणाले, "हे बघ बुधा, तुला एक संधी देतो. तू म्हणतोस तू खारं पाणी भरलं नाहीस. मग या बरणीला दुसऱ्या कुणी हात लावला असेल तर त्याचं नाव सांग. आत्ता सांग."

नाव ओठावर होतं. खिडकीबाहेर पार्वताबाई, आतल्या बोलण्याकडं लक्षच नाही अशी, पोरीशी बोलत होती, "पे माय, पे. हे पाणी सोसते तुले. तुह्या मायलेबी सोसलं होतं." बुधाजीनं तोंड उघडलं. हे नाव घेतलं की त्या बाईला पुढच्या क्षणी कळणार होतं, की फडक्यानं गाळून गाळून आपण काय भरत होतो. मग ती ती वाटी हातात धरू शकणार नाही. कोणतंच पाणी कोणाला पाजू शकणार नाही.

त्याला मोठेपणा करायचा नव्हता. त्याला ओरडायचं होतं. टेबलामागच्या त्या सगळ्या तोंडांकडं पाहून जे तोंडाशी आलं ते त्यानं दगड मारावा तसं त्यांच्यावर फेकलं.

"माह्या हातच्या पाण्याले या दवाखान्यात कोण हात लावन, साहेब?"

त्याला वाटलं, निदान एक तरी मान खाली जाईल. देवराव डॉक्टर खिडकीबाहेर पाहू लागले. बाकीच्यांनी एकमेकांकडं पाहिलं. अध्यक्षांनी हळूच मान हलवली, त्यांच्या शेजाऱ्यानंही हलवली. "खरं आहे," कुणीतरी म्हणालं, "दुसरं कोण लावणार?" इतके दिवस त्याच्या शपथांवर कुणाचा विश्वास बसला नव्हता. हे मात्र सगळ्यांना लगेच पटलं.

बुधाजीनं करगोट्याची किल्ली सोडली आणि टेबलावर ठेवली.